उस्तादांची वही

मी लातूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पदवी विद्यापीठाची, नोकरी संस्थेची. पण हे काम मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी ग्रंथालयशास्त्र हा शब्दही कधी ऐकला नव्हता. नांदेडात वजिराबादला, मुथा चौकातून आत जाणाऱ्या एका बोळीत त्यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं. खरं नाव परवान्यावर होतं, आणि तो परवाना काचेमागे इतका पिवळा पडला होता की कुणाला वाचता यायचा नाही.

काळ रामायणाचा, म्हणजे दूरदर्शनवरच्या १९८७-८८ च्या. रविवारी सकाळी गाव टीव्हीपुढे बसायचं आणि उरलेले सहा दिवस उस्तादांच्या दुकानात यायचं. ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा रात्रभराचा संच भाड्याने न्यायचे. बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर नुसताच पोळा. हातगाड्यावर गादी, गादीवर टीव्ही, आणि गाड्यामागे गल्लीतली सगळी पोरं. मी त्या पोरांतलाच. एका उन्हाळ्यात उस्तादांनी मला कामावर घेतलं. परत आलेल्या कॅसेटी रिवाइंड करायच्या, धूळ पुसायची, फळीवर जागच्या जागी ठेवायच्या. व्हीसीआरचं झाकण उघडून स्पिरिटने हेड साफ करायचं काम मात्र ते कुणाला देत नसत.

आणि वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, उर्दूत लिहिलेली. दुसऱ्या दुकानांत सिनेमावार यादी असायची: कॅसेट अमुक, गेली तमुक तारखेला, आली तमुक तारखेला. उस्तादांच्या वहीत प्रत्येक घराला एक पान होतं. त्या पानावर त्या घराने काय नेलं, काय अर्ध्यात परत आणलं, काय पुन्हा मागितलं. कुठल्याशा निवृत्त नायब तहसीलदारांना मारामारी चालत नाही. सराफ्यातल्या एका आजींना देवाचंच लागतं, पण त्यात गाणी पाहिजेत. एका घरी रडका सिनेमा द्यायचा नाही, कारण त्यांचा मुलगा नुकताच गेलाय. गिऱ्हाईक दारात दिसलं की उस्ताद पान उघडत, एक नजर टाकत आणि मला म्हणत, "तिसरी फळी, डावीकडून पाचवी." गिऱ्हाइकाला तोंड उघडावंच लागायचं नाही.

पुढे बी.लिब. करताना रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम शिकलो. १९३१ चं पुस्तक. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. सर फळ्यावर लिहीत होते आणि मला वजिराबादची ती वही दिसत होती. परीक्षेत उदाहरण म्हणून लिहायचा मोह झाला होता. लिहिलं नाही, गुण कापले गेले असते.

उस्ताद नुसतं भाड्याचं दुकान चालवत नव्हते. पॅनासॉनिकचा खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा त्यांच्याकडे होता आणि हॅलोजन धरायला मी होतो. लग्नं, वलिमे, गणपतीचे मेळे, होळीच्या वेळची गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक, माळेगावच्या खंडोबाची जत्रा, कंधारच्या दर्ग्याचा उरूस. हॅलोजनची ऊब अशी की दोन तास धरला तर मनगटावरची लव जळायची. चित्रण झालं की गिऱ्हाइकाला प्रत द्यायची आणि मूळ कॅसेट आपल्याकडे ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. गिऱ्हाईक कुरकुरायचं. उस्ताद म्हणायचे, "कॉपी की कॉपी निकाले तो चेहरे धुल जाते जी. मास्टर मेरे पास रहने दो. घर में रखे तो पोट्टे उसपे क्रिकेट भर देते." आणि खरंच, दर कॉपीला व्हीएचएसचं चित्र थोडं थोडं विरत जातं, तिसऱ्या प्रतीत नवरीच्या शालूचा रंग ओळखू येत नाही.

हा शिरस्ता किती मोलाचा होता ते १९९३ च्या दिवाळीत कळलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या घरांसकट झोपेत गाडली गेली. जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा लातुरात शिकत होतो. दिवाळीला नांदेडला आलो तेव्हा दुकानात एक गृहस्थ बसले होते. डोक्याला पट्टी, अंगावर मदत म्हणून मिळालेला, मापात न बसणारा सदरा. त्यांच्या पुतणीचं लग्न दोन वर्षांपूर्वी नांदेडात झालं होतं, चित्रण उस्तादांनी केलं होतं. त्यांची प्रत घराबरोबर गेली होती. कॅसेटीतली किती माणसं गेली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. उस्तादांनी वही काढली, मग गोदरेजचं कपाट उघडलं, मास्टर काढली. कोरी ई-१८० टेप लावली, दोन व्हीसीआर जोडले आणि तीन तास ते गृहस्थ, उस्ताद आणि मी, तिघं ती कॉपी उतरताना बघत बसलो. पैसे घेतले नाहीत. वहीत मात्र नोंद केली: अमुक तारखेला कॉपी दिली.

माझी स्वतःचीही एक नोंद त्या वहीत होती. दहावीनंतर मला अकरावी सायन्सला लातूरला पाठवायचं घरात ठरलं. लातूर पॅटर्नचा तेव्हा एवढा दबदबा की मराठवाड्यातलं प्रत्येक बऱ्यापैकी हुशार पोर डॉक्टर होणार असं आईबाप गृहीत धरत. फीचं कसंबसं जुळलं, मेसचं डिपॉझिट जुळेना. उस्तादांनी गल्ल्यातून काढून दिलं आणि माझ्या नावाच्या पानावर लिहिलं. डॉक्टर काही मी झालो नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून पैसे घेऊन गेलो तर उस्ताद म्हणाले, "वो पन्ना उंदीर खा गए." उंदराने नेमकं एवढंच पान कसं खाल्लं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हा त्या दुकानाचे शेवटचे दिवस चालले होते. केबल आली होतीच. उस्तादांनीही गल्लीत केबलची वायर ओढून पाहिली, मग व्हीसीडी आली, मग डीव्हीडी. प्रत्येक वेळी त्यांनी जुनं टाकून नवं घेतलं, एक सोडून: कपाटातल्या मास्टर. त्या त्यांनी आधी व्हीसीडीवर उतरवल्या, नंतर डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन पुन्हा उतरवल्या, आणि दम्मामला नोकरीला असलेल्या मुलाने मोठी हार्डडिस्क आणून दिल्यावर सगळं तिच्यात भरलं. जगातली व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. मी ती बातमी त्यांना फोनवर वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "मेरे पास दो चालू हैं. उनको बोलो, आके देख लो."

२०१९ च्या दिवाळीआधी त्यांचाच फोन आला. नवा स्मार्ट टीव्ही घेतला होता, त्याला हार्डडिस्क लावली, आणि टीव्ही म्हणत होता, हे स्वरूप चालत नाही. "मास्तर, डब्बा कायका लेऊ? दुकानवाला बोलता, अँड्रॉइड बॉक्स लो, सब मुफ्त दिखता."

आयुष्यात पहिल्यांदा उस्तादांनी मला काहीतरी विचारलं होतं.

अडचण सरळ होती. त्या डिस्कमध्ये तीन पिढ्यांचा माल होता. व्हीसीडीवरच्या .डॅट फायली, म्हणजे एमपेग-१. डीव्हीडीच्या .व्हीओबी, म्हणजे एमपेग-२, त्याही दर एक जीबीला तोडलेल्या. एका लग्नाचे चार तुकडे. आणि नंतरच्या काही .एव्हीआय. स्मार्ट टीव्हीतला प्लेअर यातलं थोडंच ओळखतो, कारण आजच्या टीव्हीला आजचं चालवायचं असतं. तेव्हा टीव्हीच्या मागे एक छोटी पेटी लावायची आणि तिच्यात असं सॉफ्टवेअर घालायचं की ते सगळं चालवेल, नीट मांडून दाखवेल.

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला आहे. त्याचं उत्तर तयार होतं. "मामा, प्लेक्स टाक. विषय संपला." त्याच्या घरी मी ते पाहिलं होतं आणि ग्रंथपाल म्हणून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. प्रत्येक सिनेमाचं पोस्टर, साल, दिग्दर्शक, नटनट्या, सारांश, सगळं आपोआप. तालिका करायला मला जिथे आठवडे लागतात तिथे हे यंत्र चहा होईपर्यंत मोकळं. शिवाय दम्माममध्ये बसलेल्या मुलाला तिथून नांदेडची डिस्क उघडता आली असती. हा मुद्दा जड होता. त्यासाठी बाकीचं काहीही सोसावं असं मलाही वाटत होतं.

पण प्लेक्सचे दोन भाग असतात. एक सर्व्हर, तो घरातल्या एखाद्या कायम चालू संगणकावर. दुसरा टीव्हीवरचा ॲप. वापरायला खातं लागतं, आणि ते खातं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. नेट गेलं तरी घरातल्या घरात चालवता येतं, पण त्यासाठी आधी सेटिंगमध्ये सवलत देऊन ठेवावी लागते. व्हीसीडीचा जुना माल टीव्हीला झेपत नसेल तर सर्व्हर तो चालवता चालवता नव्या स्वरूपात बदलून पाठवतो. त्याला दमदार संगणक लागतो. आणि डीव्हीडीचं फोल्डर जसंच्या तसं दिलं तर प्लेक्स ते घेतच नाही. मी भाच्याला चार फायली नमुन्यादाखल पाठवल्या होत्या. त्याच्या प्लेक्सने त्यातल्या एका वलिम्याला कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर लावलं. भाचा म्हणाला, ते घरगुती व्हिडिओच्या वेगळ्या कप्प्यात टाकलं की असं होत नाही. खरं आहे. पण मग पोस्टर, सारांश, नटनट्या या सगळ्या थाटाचा उपयोगच उरत नाही. उस्तादांच्या डिस्कमधल्या एकाही गोष्टीची नोंद जगातल्या कुठल्याच यादीत नव्हती.

दुसरा उमेदवार जेलीफिन. त्याचा जन्म नुकताच झाला होता. एंबी नावाचं सॉफ्टवेअर आधी मुक्त होतं, मग त्याच्या कर्त्यांनी ते बंदिस्त करायचं ठरवलं, तेव्हा काहीजणांनी शेवटच्या मुक्त रूपावरून २०१८ च्या डिसेंबरात ही वेगळी फांदी काढली. खातं नाही, पैसे नाहीत, कुणाची परवानगी नाही. मला तत्त्व म्हणून फार आवडलं. आज कुणी विचारलं तर सर्व्हर ठेवायची सोय असलेल्याला मी तेच सांगतो. पण सर्व्हर हवाच. इतवाऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे फ्रीजलाही पावसाळ्यात विश्रांती देतात, तिथे चोवीस तास संगणक कोण चालू ठेवणार?

उरलं कोडी. याची वंशावळ मजेदार आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे चालावेत म्हणून २००२ मध्ये काही हौशी मंडळींनी एक प्लेअर लिहिला. त्याचं पुढे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं. खेळाचं यंत्र मागे पडलं, हे मात्र लिनक्स, विंडोज, मॅक, अँड्रॉइड, सगळीकडे पोचलं आणि २०१४ मध्ये त्याने कोडी हे नाव घेतलं. प्लेक्सही मुळात याचंच. २००८ च्या सुमारास मॅकवर नेलेल्या आवृत्तीतून ते वेगळं झालं आणि कंपनी झालं. कोडी मुक्तच राहिलं. त्याला सर्व्हर नको, खातं नको, नेटही नको. डिस्क लावा, फोल्डर दाखवा, चालवा. एमपेगची म्हातारी रूपं ते स्वतःच उलगडतं. डीव्हीडीचं फोल्डर दिलं तर अख्खी डीव्हीडी म्हणून चालवतं. व्हीसीडीच्या दोन भागांना सीडी१, सीडी२ अशी नावं दिली तर जोडून एकच दाखवतं.

मी तिन्ही पर्यायांचा तक्ता करून ठेवला होता. गुण दिले होते. तक्त्यात प्लेक्स थोडं पुढेच होतं. फोनवर तो वाचून दाखवायला लागलो तर उस्तादांनी मध्येच थांबवलं. "ये बताओ, लाइट गए तो क्या होता? और जिसका ये है, वो कंपनी बंद पडी तो मास्टर किसके पास रहता?"

माझ्या तक्त्यात हे दोन्ही रकाने नव्हते. ते घातल्यावर गुण मोजायची गरज राहिली नाही.

पेटी म्हणून महाविद्यालयात प्रयोगासाठी घेतलेल्या रास्पबेरी पाय ३ सारखीच एक स्वतःच्या पैशाने घेतली. पत्त्याच्या जोडाएवढी पाटी, तिला चालू-बंदचं बटणच नसतं. वीज आली की ती जागी होते. कोडीची अठरावी आवृत्ती त्या वर्षीच्या जानेवारीत आली होती, स्टार वॉर्समधल्या लियाचं नाव लावून, कॅरी फिशरच्या स्मरणार्थ. ती घेतली लिब्रेइलेक नावाच्या आटोपशीर लिनक्समध्ये. हे लिनक्स फक्त कोडी चालवण्यापुरतंच आहे, आणि त्याचा मुख्य भाग नुसता वाचता येतो, त्यावर काही लिहिलं जात नाही. साध्या लिनक्सवर वारंवार वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडायची भीती फार. इथे ती पुष्कळ कमी होते. मराठवाड्यासाठी म्हणून कुणी हे बनवलेलं नाही, पण शोभेल असं आहे.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेड गाठलं. उस्तादांच्या हाताला आता कंप होता आणि चष्म्याचा नंबर वाढला होता. बसल्या बसल्या पहिला गोंधळ झाला: टीव्हीवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह येत होतं आणि चित्र अडखळत होतं. मी मोबाइलचा चार्जर लावला होता. पाय ३ ला अडीच अँपिअर लागतात. उस्तादांनी खणातून एक जाडजूड ॲडॅप्टर काढला, मीटर लावून तपासला आणि लावला. चिन्ह गेलं. कंप असलेल्या हातांनी मीटरची टोकं त्यांनी अशी टेकवली की मला माझ्याच हातांची लाज वाटली.

मग एका लग्नाची व्हीओबी लावली, आणि वरातीच्या ऐन मध्यात उस्तादांनी उठून प्लगच उपटला. मी ओरडलोच. ते शांत. दहा मोजले, परत लावला. पेटी आपली आपण जागी झाली आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात कोडीचा पडदा पुढे. पण वरात जिथे थांबली होती ती जागा ते विसरलं होतं. नीट बंद केलं तरच कोडी जागा लक्षात ठेवतं, वीज गेली तर नाही. मी हे सांगितलं तर म्हणाले, "व्हीसीआर में कॅसेट अटक जाती थी, झाकण खोलना पडता था. ये तो शरीफ है." वरचा बाण दाबला की दहा मिनिटं पुढे जातं हे दाखवल्यावर त्यांनी तो प्रश्न निकालात काढला.

रिमोटचा प्रश्नच आला नाही. एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्हीच्या रिमोटचे हुकूम पेटीला पोचतात. सीईसी म्हणतात त्याला. उस्तादांच्या बायकोने, म्हणजे आमच्या चाचींनी, रिमोट हातात घेतला, चार बाण आणि मधलं बटण एवढंच वापरायचं हे पाहिलं, आणि आम्हा दोघांना बाजूला सरकायला सांगितलं. खरी गिऱ्हाईक त्याच होत्या. बहिणींच्या मुलींची लग्नं, मावशांची भांडणं, उरसातल्या कव्वाल्या, सगळं त्यांना बघायचं होतं. उस्तादांना फक्त ते चालतंय की नाही एवढंच.

अडलं ते नावांपाशी. कोडीच्या त्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळत नव्हती. वेलांट्या अक्षराच्या भलत्याच बाजूला जात, जोडाक्षरं सुटी पडत. पुढच्या आवृत्त्यांत हे सुधारलं. रोमन लिपी चाचींना वाचता येत नाही. उर्दू दिसत होतं, पण डिस्कवरच्या शेकडो फोल्डरांची नावं मुलाने इंग्रजीत टाकलेली, आणि ती सगळी उर्दूत बदलायला मला उर्दू लिहिता यायला हवं होतं. वहीमुळे वाचता थोडं येतं, लिहिता नाही.

तेव्हा गोदरेजचं कपाट उघडलं. कोडीची एक सोय आहे: फोल्डरमध्ये ‘फोल्डर’ याच नावाने एखादं चित्र टाकून ठेवलं तर ते त्याचं मुखपृष्ठ म्हणून दाखवलं जातं. प्रत्येक मास्टरच्या कण्यावर उस्तादांनी टाकाने लिहिलेली चिठ्ठी होती: कुणाचं घर, कुठला प्रसंग, साल, आणि कोपऱ्यात वहीतल्या पानाचा आकडा. मी खिडकीत बसून मोबाइलने एकेका कण्याचा फोटो काढत गेलो, चाची नाव वाचून सांगत गेल्या आणि तो फोटो त्या त्या फोल्डरात पडत गेला. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर दुकानाच्या फळ्या उभ्या राहिल्या. उस्तादांनी जवळ जाऊन, चष्मा वर करून पाहिलं. "अक्षर तब अच्छा था," एवढंच म्हणाले. मग मला एक फोल्डर उचलून दुसऱ्या रांगेत ठेवायला सांगितलं. ते घर त्या गल्लीतलं नव्हतं म्हणे.

कोडीच्या मूळ पडद्यावर सिनेमे, मालिका, संगीत, हवामान अशी लांबलचक यादी असते. ती बहुतेक सगळी लपवता येते. मी फक्त व्हिडिओ आणि आवडते एवढं ठेवलं. माझ्यातल्या ग्रंथपालाला हे जड गेलं. सालवार, विषयवार, माणूसवार वर्गीकरण करता आलं असतं, प्रत्येक फोल्डरात माहितीची छोटी फाइल लिहून शोधाची सोय करता आली असती. उस्ताद म्हणाले, "किसको ढूंढना है? तेरी चाची को सब मालूम है." चाचींनी मान हलवली.

राहता राहिला दम्मामचा मुलगा. त्याला तिथून बघता येणार नव्हतं, आणि हे मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं. तोही म्हणाला की नांदेडच्या नेटवरून एवढं वर चढणार कसं. पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा डिस्कची दुसरी प्रत आणि पेटीचं कार्ड घेऊन गेला. ज्यांचं नेट चांगलं आहे त्यांच्यासाठी आजही मी दूरची सोय मोठी मानतो. मात्र २०२५ मध्ये प्लेक्सने घराबाहेरून बघायला पैसे लावले, तेव्हा भाच्याचा फोन आला होता आणि त्याने उस्तादांचा दुसरा रकाना स्वतःहून आठवला.

दुकानदाराने सांगितलेल्या सब मुफ्तवाल्या डब्याबद्दल इथे सांगायला हवं. कोडी स्वतः कोरं असतं, त्यात एकही सिनेमा नसतो. पण त्यात चोरीच्या सिनेमांची जोड घालून डबे विकणाऱ्यांनी त्याचं नाव खराब केलं. युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये असे डबे विकणं हाच हक्काचा भंग ठरवला. पुढे २०२३ मध्ये टी९५ नावाच्या एका स्वस्त अँड्रॉइड डब्यात कारखान्यातूनच घुसवलेलं घातक सॉफ्टवेअर सापडलं. उस्तादांना यातलं नैतिक काही ऐकवायला गेलो तर हसले. त्यांच्या फळीवरच्या निम्म्या कॅसेटी कुठून यायच्या हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. "हमने भी बहुत किया. लेकिन घर में घुसके किसी की तिजोरी नहीं देखी."

पेटी लावून मी निघालो तेव्हा त्यांनी माझ्या खिशात काहीतरी कोंबलं. बसमध्ये बसल्यावर पाहिलं: पेटीचे, कार्डाचे आणि एसटीचे पैसे, हिशेब करून, सुट्या नोटांसह. मी लगेच फोन लावला आणि म्हणालो, उस्ताद, माझंच तुमच्याकडे देणं आहे. ते म्हणाले, कुठलं? मी म्हणालो, मेसचं. "वो तो उंदीर खा गए," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता पेटी बदलली आहे, कोडीही एकविसाव्या आवृत्तीवर आलं आहे, वेलांट्या जागच्या जागी येतात. नातवाने त्यात यूट्यूबही घातलं. गेल्या महिन्यात उस्तादांचा फोन होता. शेजारच्या सरदारजींच्या घरी १९९५ च्या हल्लाबोलची कॅसेट निघाली आहे, मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंकडे नाटकाच्या तालमीची. दोघांनाही चाचींकडे आहे तसा डबा पाहिजे. नावं वहीत लिहून घेतली आहेत.

"दोन पेट्या आणतो," मी म्हणालो.

"ला. और किराया कितना लगाना, वो तेरी चाची बताएगी."